खालून येणारी हवा

१

"किती वर्षं टिकेल हो?"

काओ वेन-श्युंगच्या दुकानात लॅपटॉप घेऊन आलेला माणूस दुरुस्तीचं विचारायच्या आधी हेच विचारायचा. काओचं उत्तरही ठरलेलं. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून, चष्मा कपाळावर चढवून तो म्हणायचा, "याचे वैरी चार. गरमी, ओल, धूळ आणि मालक."

गिऱ्हाईक हसलं की पुढचं सुरू. "हे जनावर खालून हवा ओढतं आणि बाजूनं सोडतं. गादीवर घेऊन बसलात की त्याच्या नाकावर उशी दाबल्यासारखं होतं. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका, बिजागरी जाते. कायम चार्जिंगला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते. आणि वर्षातून एकदा माझ्याकडे आणून पंखा साफ करून घ्या. मग बघा, पोरगी लग्नाला येईपर्यंत चालतो की नाही."

गल्ल्यावर बसलेली त्याची बायको आ-ल्वान हे सगळं आवाज न करता नुसत्या ओठांनी त्याच्याबरोबर म्हणायची. गिऱ्हाईक तिच्याकडे बघून आणखी हसायचं. आपण फार मजेशीर बोलतो अशी काओची समजूत झाली होती ती त्यामुळेच.

कीलुंग हे बंदराचं गाव. हिवाळ्यात तिथे ऊन पडलं तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात. एरवी कायम बुरबुर पाऊस, आकाश खाली उतरलेलं, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी. लॅपटॉपच्या बोर्डावर हिरवा गंज चढतो तो याच हवेनं. कालव्याच्या कडेला तळमजल्यावर काओचं दुकान, वर राहायची खोली. दोघांचं पोट त्या ओलीवरच चाललेलं.

काओला एक खोड होती. लॅपटॉपचं पोट उघडलं की पंख्यातली धूळ बघून तो त्या घराबद्दल सांगायचा. राखाडी, चिकट धूळ असली की, "घरात देवासमोर उदबत्त्या फार जळतात." तेलकट काळी असली की, "स्वयंपाकघराच्या दाराशी बसून काम करता." एकदा एका तरुणाला त्यानं तोंडावर म्हटलं होतं, "मैत्रीण लांब केसांची दिसते," आणि त्या तरुणाबरोबर आलेल्या मैत्रिणीचे केस आखूड होते. तेव्हापासून आ-ल्वाननं त्याला ताकीद दिली होती, "म्हाताऱ्या, धूळ काढ, तोंड उघडू नकोस."

सुंग यी-चेन पहिल्यांदा आली तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

चाळिशीच्या आतबाहेरची बाई. केस पोरासारखे बारीक कापलेले, खांद्याला भिजलेली पिशवी. कोरियन मालिकांच्या पडद्यावर खाली येणारं भाषांतर लिहायचं काम घरी बसून करायची. लॅपटॉप तापतो आणि मध्येच बंद पडतो ही तक्रार. काओनं झाकण उघडलं, पंखा बाहेर काढला आणि पात्यांकडे बघून भुवया वर केल्या. चिमट्यानं एक टोक धरलं आणि ओढलं. पांढरा केस होता. तो येतच राहिला, काओचा हात पार डोक्याच्या वर गेला तरी संपेना.

"आजी असतात वाटतं घरी," तो म्हणाला.

"मी एकटी राहते, काका."

"मग आई येऊन-जाऊन असतील."

"आई च्यायीला असते. केस काळेभोर रंगवते आणि मानेच्या खाली कधी जाऊ देत नाही."

काओनं पंख्याच्या दांड्याभोवतीची गुंडाळी सोडवली. एकच नव्हता. सगळे सारखेच लांब, सारखेच पांढरे, मूठभर.

"जुना घेतला होतात का?"

"नवा. खोका मीच फोडला." ती ओट्यावर वाकून बघत राहिली आणि मग खुदकन हसली. "म्हणजे माझ्या घरात एक म्हातारी राहते आणि भाड्यात वाटा देत नाही!"

"स्वयंपाक करते का विचार तिला," गल्ल्यावरून आ-ल्वान म्हणाली. "करत असेल तर माझ्याकडे पाठव."

तिघंही हसली. काओनं पंखा पुसला, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, लॅपटॉप बंद करून दिला. जुन्या इमारतीत कुठून काय उडून येईल सांगता येत नाही. वरच्या मजल्यावरची कुणी म्हातारी खिडकीत केस विंचरत असेल. त्यानं केसांची गुंडाळी टोपलीत टाकली. नंतर हात धुताना त्याला जाणवलं, की त्या केसांवर धूळ नव्हती.

२

महिनाही झाला नसेल, ती परत आली. पंखा घरघरतोय म्हणाली, शिवाय एक कळ दाबली की वर येत नाही.

काओनं आधी कीबोर्ड काढला. कळांखाली बिस्किटांचा चुरा, नखाचा एक तुकडा आणि तिचेच चारदोन आखूड काळे केस. हे नेहमीचं. मग त्यानं लॅपटॉप पालथा घातला, खालचं झाकण काढलं आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

पंखा दिसतच नव्हता. त्याच्या जागी पांढऱ्या केसांचं घरटं होतं.

"काका?"

"करतो, करतो. बसा तुम्ही."

तो काम करत राहिला आणि त्याचं डोकं दुसरीकडे चाललं. वर्षानुवर्षं लोकांच्या घरातली धूळ काढलेला माणूस. समोर बसून काम करणाऱ्याचे केस कीबोर्डात पडतात. पंख्यात जातं ते वेगळं, ते खालच्या जाळीतून आत ओढलेलं असतं. म्हणजे लॅपटॉप ज्यावर ठेवला असेल त्याच्यावरचं. कीबोर्डात एकसुद्धा पांढरा केस नाही. एकसुद्धा नाही.

"लॅपटॉप कशावर ठेवता?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतं ना, खालून हवा लागते म्हणून. टेबलाची फळी ओलीनं फुगून मधोमध उकलली होती, ती काढून टाकली आणि भांडी निथळायची जाळी असते ना, तशी मोठी तारेची जाळी बसवली. चांगलं केलं की नाही?"

"चांगलं केलंत."

"खोली तशी भिकार आहे. भिंतीला हात लावला तर पाणी लागतं. पण ती टेबलाची जागा छान आहे. बाहेर एवढं गारठलंय तरी तिथे बसलं की माझे पाय गार पडत नाहीत."

काओच्या चिमट्यातून केस निसटले. त्यानं ते पुन्हा धरले. मऊ होते, आणि त्यांना वास होता. तान्ह्या पोराच्या झोपेतल्या डोक्याला येतो तसा, उबदार.

तिला यातलं काही सांगायचं त्यानं टाळलं. काय सांगणार? बारीक जाळीचं एक कापड कापून त्यानं खालच्या भोकांवर चिकटवलं. "आता काही आत जाणार नाही," म्हणाला.

ती गेल्यावर आ-ल्वान म्हणाली, "तोंड का उतरलंय?"

"तिच्या टेबलाखाली कुणीतरी बसतं," काओ म्हणाला.

आ-ल्वाननं त्याच्याकडे पाहिलं. थट्टेसाठी उघडलेलं तोंड तिनं मिटलं, मग पुन्हा उघडलं. "चष्म्याचा नंबर बदलून घे," एवढंच म्हणाली.

३

यी-चेन तिसऱ्यांदा आली तेव्हा हसत नव्हती. लॅपटॉप तिनं ओट्यावर पालथाच ठेवला.

कापडाच्या प्रत्येक भोकातून केस आत ओवले गेले होते. वाऱ्यानं उडालेले केस आडवेतिडवे अडकतात. हे सगळे एका दिशेला होते, विंचरल्यासारखे. जणू कुणी खालून डोकं वर टेकवलं होतं आणि टेकवूनच ठेवलं होतं.

"खरं सांगा," ती म्हणाली. "हे कुठून येतं?"

काओनं आ-ल्वानकडे पाहिलं. आ-ल्वान खाली बघून पावत्या सारख्या करत राहिली.

"खालून," तो म्हणाला.

"खाली काही नाही, काका. मी टॉर्च लावून बघितलं. रोज बघते."

"मग लॅपटॉपातच काहीतरी असेल." आपलंच बोलणं त्याला पटलं नाही, पण त्या वाक्याचा आधार घेऊन पुढचं सुचलं. "असं करू. तुमचा लॅपटॉप मी इथे ठेवून घेतो आणि चालू ठेवतो. माझ्याकडचा एक तुम्हाला देतो. मी तो आत्ता तुमच्यासमोर साफ करतो. दोष यंत्रात असेल तर केस इथे दिसतील. खोलीत असेल तर तिथे."

"आणि खोलीत असेल तर?"

"तर खोली बदला. त्यात काय? गावात खोल्या काय कमी आहेत?"

तिला ते पटलं. अंगात जरा जीव आल्यासारखी वाटली. जाताना दारात थांबून तिनं छत्री उघडली आणि म्हणाली, "काकू, ती स्वयंपाक नाही करत हो."

तिचा लॅपटॉप काओनं बाकावर चालू करून ठेवला. तो कुरकुर न करता चालला. आठवड्यानं उघडून बघितला तर पात्यांवर बाकावरची थोडी धूळ, बाकी काही नाही. यंत्र निर्दोष होतं.

त्यानं तिला फोन लावला. तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

४

पावतीवरचा यी-चेनचा पत्ता टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या वस्तीतला होता. दुपार असूनही जिन्यात दिवा लावावा लागत होता. काओनं बेल वाजवली, मग दार ठोठावलं. आतून आवाज आला, "उघडंच आहे, काका."

तिला कसं कळलं कोण आलंय ते, हे त्याला पायताण काढताना वाटलं आणि मग विचारायचं राहून गेलं.

एकच लांबट खोली. भिंतींवर छतापासून काळी बुरशी उतरलेली, एका कोपऱ्यात ओल शोषणारं यंत्र घोंघावत होतं. पलंगावरची चादर हाताला ओली लागली असती असं नुसतं बघूनच कळत होतं. लांबच्या टोकाला खिडकी, खिडकीखाली टेबल, आणि टेबलाशी दाराकडे पाठ करून यी-चेन बसलेली. काओचा लॅपटॉप तारेच्या जाळीवर होता. पंखा चालू होता.

"फोन का उचलत नाही?"

"पलंगाजवळ राहतो फोन. उठायचा कंटाळा येतो."

ती वळली नाही. मान जेवढी वळते तेवढीच वळवून बोलत होती. गाल आत गेले होते, पण चेहरा दुखणेकऱ्यासारखा नव्हता. गरम पाण्यानं अंघोळ करून आल्यावर माणूस दिसतं तशी दिसत होती.

"तुमचा लॅपटॉप ठीक आहे," काओ म्हणाला. "दोष इथला आहे. सामान बांधा. माझा मेहुणा टेंपो चालवतो, आज संध्याकाळी—"

"मी पलंगावर बसून काम करून बघितलं. जेवायच्या टेबलावर करून बघितलं. पाय इतके गार पडतात, काका, की रडू येतं. मग इथे येते. इथे बरं वाटतं."

"ही काही बरं वाटायची गोष्ट नाही, पोरी."

"माहीत आहे मला."

ती बोलायची थांबली आणि पंख्याचा आवाज काओच्या कानात भरला. पंखा तापला की जोरात फिरतो, निवला की हळू. इथे तसं नव्हतं. हळू, मग जोरात, मग हळू. काओनं स्वतःला बजावलं की बेअरिंग गेलं असेल. बेअरिंग गेलं की असा आवाज येतो. येऊ शकतो.

"बंद करतो जरा," तो म्हणाला, आणि त्या लॅपटॉपला बॅटरी नव्हती, विजेचं बटण टेबलाखाली भिंतीला होतं, म्हणून गुडघ्यावर बसून वाकला.

सगळ्या खोलीची फरशी ओलीनं घामेजलेली होती. टेबलाखालचा तुकडा कोरडा होता, स्वच्छ, वर्षानुवर्षं कुणी बसून गुळगुळीत केल्यासारखा. काही नव्हतं तिथे. टॉर्च लावली असती तरी काही दिसलं नसतं. यी-चेनचे दोन अनवाणी पाय तेवढे होते.

ते पाय फरशीला टेकलेले नव्हते.

फरशीपासून चांगलं वीतभर वर होते. लोंबकळतही नव्हते. तळवे सपाट दाबले गेले होते, टाचेचं मांस बाजूला पसरलं होतं, माणूस उशीवर पाय ठेवतो तसं. काओ बघत असतानाच ते पाय जरासे वर आले, आणि मग पुन्हा खाली गेले. वर आले. खाली गेले. पंख्याच्या आवाजाबरोबर.

काओ मागे सरकला. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

"दिसलं?" वरून यी-चेननं विचारलं. तिच्या आवाजात भीती नव्हती. ऐकण्याची उत्सुकता होती. "कसं आहे? मला कधीच दिसत नाही."

५

दुसऱ्या दिवशी आ-ल्वान स्वतः गेली. काओनं जे सांगितलं त्यातलं निम्मं तिला खरं वाटलं नव्हतं, पण एक एकटी पोर ओल्या खोलीत वाळत चाललीय एवढं तिला पुरेसं होतं. तिनं यी-चेनचा दंड धरला, पायात मोजे आणि बूट कोंबले, "रडायचं तर रस्त्यात रड," म्हणाली आणि तिला पायऱ्या उतरवून घेऊन आली. काओचा लॅपटॉप तिथेच राहिला. कुणी त्याला हात लावला नाही.

वरच्या खोलीत तिचं अंथरूण घातलं. पहिले काही दिवस वाईट गेले. तिचे पाय घोट्यापर्यंत जांभळे पडले. आ-ल्वाननं तिळाच्या तेलात आलं घालून कोंबडी शिजवली, तिला बळेच भरवली. गरम पाण्याच्या पिशव्या बदलल्या, तळवे चोळून चोळून स्वतःचे हात दुखवून घेतले. डॉक्टरनं तपासलं, रक्ताभिसरण उत्तम आहे म्हणाला.

"बर्फाच्या कारखान्यात कामाला होतीस काय गं?" आ-ल्वान पाय मांडीवर घेऊन विचारायची. "मला स्वतःला थंडी सोसत नाही. दोन-दोन मोजे घालते मी, आणि नशिबी आलीस तू."

यी-चेन दात वाजवत हसायची. "सोडा, काकू. तुमचेही गारठतील."

"गप बस."

मग एका दुपारी तिला बरं वाटायला लागलं. खाली दुकानात येऊन ती आ-ल्वानशेजारी गल्ल्यावर बसली. गल्ल्याचं टेबल म्हणजे तिन्ही बाजूंनी फळ्या लावलेलं जुनं शाळेतलं टेबल होतं. बिलं करायचा लॅपटॉप त्याच्यावर, लॅपटॉपखाली हवेसाठी भोकं पाडलेली फळी. दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून तिथे बसली. गालांवर रंग आला. गिऱ्हाइकांशी बोलायला लागली. काओनं "याचे वैरी चार" म्हटलं की दोघी मिळून ओठ हलवायच्या. जेवताना तिनं स्वतःहून दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा आ-ल्वाननं काओकडे असं पाहिलं, की बघ, धूळ काढण्यापलीकडे मलाही काही येतं. त्या दोघांना स्वतःची मुलगी होती, पण ती तायचुंगला सासरी, फोन करणारी. घरात असं हसणं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. सुटली पोर, असं काओला वाटलं. त्या रात्री तो शांत झोपला.

बिलांचा लॅपटॉप घरघरायला लागला तेव्हा यी-चेन आणि आ-ल्वान दोघी शेंगा सोलत बसल्या होत्या.

काओनं तो बाकावर आणला आणि पालथा घातला. स्क्रू काढले. झाकण उचललं. पांढरं होतं.

यी-चेन कधी मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही.

"म्हणून बरं वाटत होतं," ती म्हणाली.

वरून बॅग घेऊन ती खाली आली. आ-ल्वान आडवी आली, रागावली, शेवटी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. यी-चेननं तिचा हात हळूच सोडवला.

"माझ्यामुळे आलं ते, काकू. मी घेऊन जाते."

"कसं नेणार?" काओनं विचारलं.

"आणलं तसंच."

तिनं गल्ल्याच्या टेबलाखाली वाकून, लहान मुलाला बोलवावं तशा आवाजात "चल" म्हटलं. मग छत्री न उघडताच पावसात चालू लागली. एकदाही मागे वळली नाही.

६

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा दुपारचं दुकान रिकामं होतं. काओनं नाव बघितलं आणि घाईनं उचलला.

"काका." दात वाजत होते, शब्द तुटत होते. "ते इथे आलं नाही."

"काय?"

"मी वाट बघतेय. टेबल तिथेच ठेवलंय, पाय सोडून बसलेय. फरशीला पाणी सुटलंय, काका. सगळीकडे सुटलंय, टेबलाखालीसुद्धा." ती थांबली. "काकू कुठे आहेत?"

काओनं मान वर केली.

आ-ल्वान गल्ल्यावर बसून राहिलेल्या शेंगा सोलत होती. समोर तिचे मोजे होते, लोकरीचे दोन जोड, नीट घडी घालून ठेवलेले. तिचा चेहरा भरलेला दिसत होता, कपाळावरच्या आठ्या सैल पडलेल्या. लग्न होऊन ती या गावात आली त्या वर्षी ती अशी दिसायची.

"काका, मी परत येऊ का?" फोनमध्ये यी-चेन विचारत होती. "मी काही त्रास देणार नाही. नुसती बसेन. येऊ का?"

"ये," काओ म्हणाला. "ये, पोरी. लगेच निघ."

ती आली नाही. संध्याकाळी तो आणि मेहुणा तिच्या खोलीवर गेले. ती टेबलाशी बसलेली होती, दाराकडे पाठ करून, दोन पावलं फरशीवर टेकवून. हीटर चालू होता, खोली तापली होती. स्ट्रेचरवाल्यांपैकी एक जण बंदरावर काम केलेला माणूस होता. समुद्रातून काढतात त्यांचे पाय असे असतात, असं तो दुसऱ्याला हळूच म्हणाला.

च्यायीहून तिचा भाऊ आला, राख घेऊन गेला. तिचा लॅपटॉप काओनं त्याला दिला. भावानं हातात घेऊन उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "अजून किती वर्षं चालेल?" काओनं चार्जरची वायर गुंडाळून त्याच्या हातात दिली.

आ-ल्वानला त्यानं तायचुंगला नेलं. मुलीला काय सांगायचं ते ठरवलंच नव्हतं, आधी इथून बाहेर काढू एवढाच विचार होता. बस गावाबाहेरच्या बोगद्यातून बाहेर पडायच्या आतच ती कुडकुडायला लागली. मुलीच्या घरी हीटर, रजया, गरम पाण्याची बादली. रात्रीतून पाय जांभळे झाले. ती ओरडत नव्हती. ओठ चावून, भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि लहान पोरासारखं एकच म्हणत होती, "घरी ने मला." मुलगी बापावर ओरडली, इस्पितळात नेऊ म्हणाली. कुठलं इस्पितळ काय करणार हे काओला कळून चुकलं होतं.

पहाटे पहिल्या बसनं त्यानं तिला परत आणलं.

दुकानात शिरल्यावर ती भिंत धरून धरून गल्ल्यापर्यंत गेली, बसली, बूट काढले. काओ तिच्या चेहऱ्यावर रंग परत येताना बघत उभा राहिला.

त्यानंतर त्यानं टेबल फोडून बघितलं. ती फळ्यांविना नुसत्या खुर्चीवर बसली, आणि तिचे पाय फरशीपासून वीतभर वर राहिले. त्यानं फळ्या पुन्हा ठोकून टाकल्या, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. गिऱ्हाइकांना तो आता पूर्वीसारखं काही सांगत नाही. यंत्र घेतो, दुरुस्त करतो, देतो. बिलांचा लॅपटॉप आधी आठवड्यानं साफ करावा लागायचा, मग एक दिवसाआड, मग रोज.

आ-ल्वान उठेनाशी झाली. जेवण तिथेच, झोप तिथेच, मान खुर्चीला टेकवून. ती वाळत चालली होती आणि तक्रार करत नव्हती. कधी कधी जुन्या आवाजात बोलायचीही.

"म्हाताऱ्या, एवढा काय बघतोस? नवरी आहे का मी?"

"ऊठ गं. जरा कालव्यापर्यंत जाऊन येऊ."

"जाऊ ना. थोड्या वेळानं."

एके दुपारी पाऊस जोरात लागला. रस्त्यावर कुणी नव्हतं. काओनं शटर अर्धं ओढलं, बाकावरचं स्टूल उचललं आणि गल्ल्याच्या दुसऱ्या बाजूला, आ-ल्वानच्या समोर आणून ठेवलं. ती डोळे मिटून बसली होती. त्यानं तिचा हात हातात घेतला. हलका झाला होता, कागदासारखा. पण गरम होता.

त्यानं वाकून बूट काढले. मोजे काढले. फरशीच्या गारठ्यानं पोटऱ्यांपर्यंत कळ गेली. समोरची फळी त्यानं आदल्या दिवशीच सैल करून ठेवली होती, ती बाजूला सरकवली. खाली बघितलं नाही.

आ-ल्वाननं डोळे उघडले. त्याचे उघडे पाय बघून तिचा चेहरा एकदम आक्रसला.

"नको रे," ती म्हणाली. पुष्कळ दिवसांनी तो तिचाच आवाज होता. "तू नको. वेडा आहेस का?"

"सरक जरा," काओ म्हणाला, आणि त्यानं पाय आत घातले.

तळव्यांना मऊ काहीतरी लागलं. ऊब होती. ते हळूच वर आलं, खाली गेलं, वर आलं. मग जरासं थांबलं. आणि सरकून त्याच्याही पायांसाठी जागा करून दिली.